‘रेल्वेने किंवा अन्य प्रकारे’ : साथीच्या काळातील आंतरराज्य मोटारप्रवास

विषयाची ओळख

विद्यार्थी मित्रांनो, २०२० साली तुमच्यापैकी बहुतेक जण शाळेत होते. टाळेबंदीची तुमची आठवण म्हणजे मोबाइलवरचे वर्ग आणि घरातली भांडणे. त्यामुळे वर्गात एक प्रश्न दरवर्षी येतो : “सर, देश एकच असताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला परवाना कसा काय लागला? संविधानात तर कुठेही फिरायचे स्वातंत्र्य आहे ना?” मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. इतिहास हा माझा पदवीचा विषय नाही. तरी या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे सापडले ते या टिपणात मांडत आहे. उदाहरण म्हणून एकच रस्ता घेतला आहे. बंगळूरच्या पूर्वेला के. आर. पुरम येथे मी राहतो आणि माझे घर कोल्हापूरला आहे. या दोन गावांना जोडणारा, पुढे पुण्याला जाणारा हा रस्ता. राष्ट्रीय महामार्ग ४८ असे त्याचे आजचे नाव. जुने लोक अजून ‘एनएच फोर’ म्हणतात.

रस्ता आणि सीमा

के. आर. पुरमचा झुलता पूल ओलांडून बाह्य वळणरस्त्याने हेब्बाळ, तिथून तुमकूर रस्ता, मग सिरा, हिरियूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी. निपाणी सोडल्यावर कोगनोळीचा टोलनाका लागतो. ते कर्नाटकातील शेवटचे मोठे ठिकाण. पुढे काही किलोमीटरवर कागल, म्हणजे महाराष्ट्र. सहाशेहून थोडे जास्त किलोमीटर, सकाळी लवकर निघाले तर संध्याकाळच्या चहाला घरी. एरवी ही सीमा कळते ती पाट्यांवरची लिपी बदलते म्हणून, आणि पेट्रोलचा भाव बदलतो म्हणून.

पण ही सीमा नेहमी इथे नव्हती. १८९८ साली याच मार्गाने प्रवास करणाऱ्याला वेगळाच नकाशा दिसला असता. बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. कागल ही कोल्हापूर संस्थानातील जहागीर होती. बंगळूर म्हैसूर संस्थानात होते, आणि मुंबई इलाखा व म्हैसूर यांची हद्द हरिहरजवळ तुंगभद्रेवर होती. आज हरिहरच्या बाजूने तुंगभद्रा ओलांडताना गाडीतला एकही माणूस मान वर करून पाहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती हद्द पुसली गेली आणि निपाणी-कागल यांच्यामध्ये नवी आली. सीमाभागाचा राजकीय वाद या टिपणाचा विषय नाही. तो सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहेच. आपल्याला एवढेच लक्षात ठेवायचे आहे की साथ आली की कोणतीही प्रशासकीय रेषा नाका बनू शकते, आणि ती रेषा कुठे आहे यावर कोणाचे किती अडेल हे ठरते.

बंगळूर शहरातसुद्धा त्या काळी दोन कारभार होते. पेठ म्हैसूर सरकारकडे आणि छावणी ब्रिटिश रेसिडेंटकडे.

१८९७ : आठवड्यात झालेला कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत लोक मुंबईतून मोठ्या संख्येने बाहेर पडले. रेल्वे, बोट, बैलगाडी, पायी, जे मिळेल त्याने. युरोपातील देशांनी हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर बंदी घालण्याची भाषा सुरू केली. १८९७ च्या आरंभी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरणार होती. व्यापार बुडण्याची ही भीती डोक्यावर असताना कलकत्त्यात जॉन वुडबर्न यांनी विधेयक मांडले, आणि साधारण आठवडाभरात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा मंजूर झाला.

हा कायदा वाचायला दहा मिनिटे पुरतात. मूळ कलमे चारच. पहिले नाव आणि व्याप्ती सांगणारे. दुसरे सरकारला योग्य वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार देणारे. तिसरे हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगणारे, आणि ती शिक्षा भारतीय दंडविधानाच्या कलम १८८ शी जोडलेली. चौथे म्हणजे सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हे संरक्षण. साथ म्हणजे काय, विलगीकरण किती दिवसांचे, अडवलेल्या माणसाने दाद कुठे मागायची, यांतले काहीही त्यात नाही.

आपल्या विषयाचा गाभा दुसऱ्या कलमात आहे. रेल्वेने किंवा अन्य प्रकारे प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे, आणि ज्यांच्याविषयी संशय येईल त्यांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे, यासाठी नियम करता येतील असे ते सांगते. १८९७ मध्ये आपल्या रस्त्यांवर मोटार जवळपास नव्हतीच. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रेल्वे होती. ‘अन्य प्रकारे’ हे शब्द त्यांनी बहुधा वकिली सवयीने घातले असतील, पण २०२० मधली प्रत्येक अडवलेली मोटार त्याच शब्दांच्या आवाक्यात येते.

रेल्वेवर तपासणी सोपी होती. गाडी ठरलेल्या स्थानकावर थांबते, दार उघडते, माणसे मोजता येतात. कल्याणसारख्या जंक्शनवर प्रवाशांना उतरवून डॉक्टर तपासत. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना फलाटावर रांगेत उभे करत. पहिल्या वर्गाच्या डब्यातल्या साहेबाशी वागणे निराळे असे, आणि त्याविषयी त्या काळच्या वर्तमानपत्रांत संताप दिसतो. पुण्यात तर घराघरांत सैनिक शिरले. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडण्यात झाली. तो इतिहास तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. प्रवाशांच्या तपासणीचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

मद्रास इलाख्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि ‘प्लेग पासपोर्ट’ काढला. बाधित भागातून येणाऱ्या प्रवाशाला एक कागद मिळे. आपण कुठे उतरणार ते त्याने सांगायचे आणि तिथे पोहोचल्यावर दहा दिवस रोज नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे हजर राहायचे. एकाच देशात एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यासाठी ‘पासपोर्ट’ हा शब्द तेव्हाच रूढ झाला होता.

एवढे करूनही प्लेग थांबला नाही. १८९० च्या सुमारास पुणे-बेळगाव-हुबळी-हरिहर-बंगळूर अशी सलग मीटरगेज रेल्वे झाली होती. १८९८ मध्ये हुबळीत प्लेगने थैमान घातले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो बंगळुरात पोहोचला. आपण ज्याला आज महामार्ग ४८ म्हणतो, जवळजवळ त्याच वाटेने. बंगळुरात ‘प्लेग मारम्मा’ची देवळे आहेत, ती त्या वर्षांची खूण. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या रस्त्यांच्या वस्त्या भरल्या त्याही प्लेगनंतरच.

संविधानाने काय ठरवले होते

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(घ) नुसार भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क नागरिकाला आहे. अनुच्छेद १९(५) नुसार सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. म्हणजे साथीत प्रवासावर बंधन घालणे मुळातच घटनाबाह्य नाही. निर्बंध वाजवी होता का, आणि तो कोणी घालायचा, हे खरे प्रश्न आहेत.

‘कोणी’ या प्रश्नासाठी सातवी अनुसूची उघडा. सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत, नोंद ६. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरू नये म्हणून करायची व्यवस्था समवर्ती सूचीत, नोंद २९. आणि संघ सूचीत नोंद ८१ आहे, जी फार थोड्यांच्या लक्षात असते : आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण. म्हणजे राज्याच्या सीमेवर माणसाला थांबवून वेगळे ठेवायचे की नाही, हा विषय घटनाकारांनी नाव घेऊन केंद्राकडे सोपवला होता. तरी या नोंदीचा आधार घेऊन संसदेने साथीतल्या आंतरराज्य प्रवासाची पद्धत ठरवणारा स्वतंत्र कायदा कधी केला नाही. मार्च २०२० मध्ये हाताशी होते ते १८९७ चे चार कलमांचे हत्यार, जे राज्यांच्या हातात होते, आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५, जो केंद्राच्या हातात होता. भूकंप-पुरासाठी डोळ्यांपुढे ठेवलेला कायदा आणि प्लेगसाठी घाईत केलेला कायदा एकाच नाक्यावर एकमेकांसमोर आले. माझ्या मते २०२० मधल्या गोंधळाचे मूळ इथे आहे, एखाद्या हवालदाराच्या आडमुठेपणात नव्हे.

२०२० : हुकूम आणि प्रतिहुकूम

२५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागली. महामार्गांवरची टोलवसुली थांबली ती २० एप्रिलपर्यंत. हा तपशील छोटा आहे, पण रस्ता किती रिकामा होता हे त्यावरून कळते. २९ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने अडकलेल्या लोकांना राज्यांच्या परस्पर संमतीने हलवण्यास परवानगी दिली. १ मेच्या आदेशात परवानगी असलेल्या प्रवासासाठी चारचाकीत चालकाशिवाय दोनच माणसे बसतील असे होते. चार माणसांच्या कुटुंबाने कोणाला मागे ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. कर्नाटकाने एकदाच, एका दिवसापुरता, एकाच दिशेचा परवाना दिला. परत यायचे तर ‘सेवासिंधु’ या राज्याच्या संकेतस्थळावर नवा अर्ज.

१७ मेच्या केंद्रीय आदेशात पुन्हा ‘परस्पर संमती’ हेच शब्द होते, आणि दुसऱ्याच दिवशी, १८ मे रोजी, कर्नाटकाने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळ येथून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश नाही असे जाहीर केले. संमती परस्परांची हवी असेल तर एकाचा नकार पुरतो. ३० मे रोजी केंद्राने सांगितले की राज्याराज्यांतील प्रवासावर बंधन नाही, वेगळा ई-परवाना लागणार नाही. पण त्याच आदेशात राज्यांना आरोग्याच्या कारणाने, आधी जाहीर करून, प्रवासाचे नियमन करण्याची मोकळीकही होती. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकात जूनमध्ये सात दिवस संस्थात्मक आणि मग सात दिवस गृह विलगीकरण होते. महाराष्ट्रात तर एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायलाही पोलिसांचा ई-पास लागे. अखेर २२ ऑगस्टला केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला यांनी राज्यांना पत्र लिहून अशी बंधने केंद्राच्या सूचनांचा भंग ठरतात असे कळवले. दोन दिवसांत कर्नाटकाने नोंदणी, सीमेवरची तपासणी, हातावरचा शिक्का, विलगीकरण, सगळेच मागे घेतले. महाराष्ट्राचा जिल्हाबंदीचा पास २ सप्टेंबरपासून गेला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल मागायला सुरुवात केली, आणि कोगनोळीचा नाका पुन्हा उभा राहिला.

शिक्क्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. हातावर शिक्का मारण्यासाठी निवडणुकीची न पुसणारी शाई वापरण्यास निवडणूक आयोगाने २५ मार्च २०२० रोजी परवानगी दिली. ही शाई बनते म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात. मतदानाच्या वेळी अभिमानाने दाखवलेले बोट आणि लपवलेले मनगट, दोन्हीकडे शाई तीच.

अर्जाचा नमुना वाचताना

माझ्या विद्यार्थ्यांना मी कोणत्याही यंत्रणेचा अर्ज आधी वाचायला सांगतो. कोणती माहिती ‘आवश्यक’ आहे यावरून ती यंत्रणा कोणासाठी बांधली आहे ते कळते. ई-पासच्या अर्जात वाहनाचा क्रमांक लागे, सहप्रवाशांची संख्या लागे, छायाचित्र ठरावीक आकारात बसवून चढवावे लागे, प्रवासाचे कारण आणि त्याचा पुरावा जोडावा लागे. म्हणजे अर्जदाराकडे गाडी आहे, तिची नोंदणी आहे, इंटरनेट आहे, आणि फोटो लहान करणारे कोणीतरी घरात आहे, हे गृहीत. ज्याच्याकडे वाहनच नाही त्याची सोय त्या रकान्यात नव्हती.

१८९७ मध्ये भेद पहिल्या आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात होता. २०२० मध्ये तो वाहनक्रमांक असणाऱ्या आणि नसणाऱ्यात झाला. एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात एका बड्या उद्योगपती कुटुंबातील आणि त्यांच्या सोबतची २३ माणसे पाच मोटारींतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेली. जवळ गृह विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. बोभाटा झाल्यावर त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. त्यानंतर आठवडाभरातच, १६ एप्रिलच्या रात्री, दोन साधू आणि त्यांचा चालक मोटारीने मुंबईहून सुरतेकडे एका अंत्यविधीला निघाले होते. महामार्ग टाळून ते पालघर जिल्ह्यातल्या आतल्या रस्त्याने गेले. मुले पळवणारे फिरताहेत अशी अफवा त्या भागात पसरली होती. गडचिंचले गावाजवळ जमावाने तिघांनाही मारले. आणि ८ मेच्या पहाटे, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडले. श्रमिक रेल्वे १ मेपासून सुरू झाल्या होत्या. अशाच एका गाडीसाठी ते भुसावळच्या दिशेने चालले होते.

बंगळुरात त्याच आठवड्यात राज्य सरकारने मजुरांच्या गाड्या रद्द करण्यास रेल्वेला कळवले आणि टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत निर्णय फिरवला. के. आर. पुरमच्या पुलाखालून त्या दिवसांत जुन्या मद्रास रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन माणसे जाताना मी पाहिली आहेत. त्यांतल्या कोणीही मला परवान्याविषयी विचारले नाही. पाणी कुठे मिळेल एवढेच विचारले.

सीमेवरचे गाव

बंगळूर किंवा पुण्याच्या माणसाला नाका म्हणजे लांबच्या प्रवासातला एक अडथळा. निपाणीकराला तसे नाही. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. मोठा दवाखाना, मुलीचे सासर, महाविद्यालय, गुळाचा बाजार, सगळे कोल्हापूरकडे. एका गावचा शेतकरी आणि त्याची जमीन सीमेच्या दोन बाजूंना, हेही तिथे नवलाचे नाही. अशा ठिकाणी ‘आंतरराज्य प्रवास’ हा शब्दच चुकीचा वाटतो. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याने दोनदा आंतरराज्य प्रवास केला असे म्हणायचे का?

हाच प्रश्न कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला न्यायालयापर्यंत गेला. कासरगोड केरळात, पण तिथले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मंगळूरच्या रुग्णालयांत जातात. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने तलपाडी येथे रस्ता बंद केला, आणि उपचारासाठी पलीकडे जाता न आल्याने काही रुग्ण दगावले. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी राष्ट्रीय महामार्गावरचे अडथळे दूर करण्याची जबाबदारी केंद्राची आहे, असे सांगून तसा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ७ एप्रिलला दोन्ही राज्यांत तातडीच्या रुग्णांपुरती तडजोड झाल्याचे सांगण्यात आले आणि विषय मिटला. म्हणजे राज्याला रस्ता बंद करता येतो का, या मूळ प्रश्नावर निवाडा झालाच नाही. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. नोंद ८१ त्यासोबत वाचावी.

कोगनोळीच्या बाबतीत एवढे मोठे प्रकरण उभे राहिले नाही. लोकांनी शेतातल्या वाटा शोधल्या. काही ठिकाणी आडवाटांवर मातीचे ढीग टाकले गेले, तर दुचाकीवाल्यांनी त्याला वळसा घालून नवी पायवाट पाडली.

एक प्रवास

शेवटी माझा अनुभव, कारण पुराव्याचा प्रश्न त्यातून स्पष्ट होतो. ऑगस्ट २०२० च्या पहिल्या आठवड्यात माझे थोरले काका कोल्हापुरात वारले. करोनाने नव्हे, हृदयविकाराने. सकाळी सातला भावाचा फोन आला. मी आठ वाजता अर्ज भरायला बसलो. कारणांच्या यादीत ‘कुटुंबातील मृत्यू’ हे कारण होते, ते निवडल्यावर पुरावा जोडा असे आले. मृत्यूचा दाखला मिळणार कोल्हापुरात, तोही अंत्यविधीनंतर. भावाने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो पाठवला, तो धूसर होता, दुसरा मागवला. अकराला अर्ज गेला. परवाना दुसऱ्या दिवशी दुपारी आला, आणि अर्जांची संख्या पाहता तो फार उशिरा आला असेही मी म्हणणार नाही. अंत्यसंस्कार आदल्या दिवशी दुपारीच उरकले होते. आईने फोनवर सांगितले, “आता येऊन काय करणार? परत जाताना पोराबाळांत चौदा दिवस कोंडून घेशील. राहू दे.” परवान्याची मुदत घरीच संपली. तो कागद मी ठेवला आहे; वर्गात दाखवतो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे चारला मी निघालो. दोन्हीकडचे परवाने तोवर रद्द झाले होते. कोगनोळीला रस्त्याच्या कडेला मांडव तसाच होता, टेबलही होते. खुर्चीतल्या पोलिसाने मोबाइलवरून नजर न काढता हाताने पुढे जाण्याची खूण केली. अडीच वाजता मी घरी पोहोचलो. काकांचे दिवस होऊन तीन आठवडे झाले होते.